परागाच्या हंगामात फोन गप्प का बसतो: मेलबर्नमध्ये दर ऑक्टोबरला मी काय काय तपासते

पराग आणि वादळाच्या सूचना फोनवर येत नाहीत, त्याची लक्षणं आधी लिहिते. फोन माझ्या हातात देताना लोक यातलंच काहीतरी सांगतात.

- गेल्या वर्षी सूचना व्यवस्थित येत होत्या. या वर्षी हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले, एकही आली नाही.
- नवऱ्याच्या फोनवर येते, माझ्या नाही. अ‍ॅप दोघांकडे तेच आहे.
- येते, पण वादळ होऊन गेल्यावर. घरात पाऊल टाकलं की दोन-तीन एकदम वाजतात.
- येते ती भलत्याच भागाची.
- डोळे चुरचुरताहेत, शिंका थांबत नाहीत, आणि अ‍ॅपवर 'लो' लिहिलंय.

पहिली तक्रार सगळ्यात जास्त. तिचं कारणही बहुतेक वेळा एकच निघतं, ते पुढे सविस्तर सांगते.

मी टारनीटला राहते, मेलबर्नच्या पश्चिमेला. आपली माणसं इकडे खूप आहेत, आणि दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बऱ्याच घरी भारतातून आई-बाबा आलेले असतात. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात गवताच्या परागाचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर धरतात, म्हणजे नातवंडांना शाळेतून आणायला आजी-आजोबा बाहेर पडतात ते नेमके याच दिवसांत. गेली काही वर्षं मंडळातल्या, गल्लीतल्या, मुलांच्या शाळेतल्या ओळखीच्यांचे फोन मी या कामासाठी लावून देते. चुका त्याच त्या असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

इतका खटाटोप कशासाठी, हे नव्याने आलेल्यांना सांगावं लागतं. २१ नोव्हेंबर २०१६, सोमवार. दिवसभर उत्तरेकडून भट्टीसारखा वारा होता, पारा ३५ अंशांपर्यंत गेलेला. संध्याकाळी पश्चिमेकडून वादळ आलं. आम्ही तेव्हा वेरिबीला होतो. हवा एकदम गार झाली म्हणून मी घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तासाभरात नवरा पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसला होता, खांदे कानापर्यंत वर उचलले जात होते, आणि त्याला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. "पाणी" म्हणायचा आणि थांबायचा. त्याला दमा कधीच नव्हता. वसंत ऋतूत नाक वाहायचं, इतकंच. मला वाटलं वारा बाधला, म्हणून मी आलं-तुळशीचा काढा करायला घेतला. ती वीस मिनिटं मी वाया घालवली, याची टोचणी अजून आहे. रुग्णालयात पोचलो तर दारापर्यंत रांग, आणि रांगेत प्रत्येकाचे खांदे तसेच वरखाली होत होते.

त्या वेळी तीस तासांत श्वासाच्या तक्रारीने नेहमीपेक्षा ३,३६५ जास्त लोक इमर्जन्सीत आले. दहा जण गेले. नंतर झालेल्या अभ्यासात दिसलं की त्रास झालेल्यांत अनेकांना दम्याचं निदान आधी कधी झालेलंच नव्हतं, पण वसंतातल्या नाक-डोळ्यांचा त्रास, म्हणजे हे फीवर, मात्र होता. आणि भारतीय, श्रीलंकन, आग्नेय आशियाई वंशाचे लोक प्रमाणाबाहेर जास्त होते. त्यानंतर, २०१७च्या ऑक्टोबरपासून, राज्याने थंडरस्टॉर्म अस्थमाचा, म्हणजे परागाच्या दिवसांत वादळासोबत येणाऱ्या दम्याचा, अंदाज द्यायला सुरुवात केली. आज तो फोनवर येतो. २०१६ साली आमच्याकडे हे काही नव्हतं. आज आहे, आणि एका बंद पडलेल्या बटणापायी तो माणसापर्यंत पोचत नाही, हे मला बघवत नाही.

आता तपासण्या. सोप्यापासून अवघडाकडे, याच क्रमाने करा.

पहिली: सूचना यायला हवी होती का, तेच आधी बघा

याला एक मिनिट लागतं आणि फोनला हातही लावावा लागत नाही. व्हिकइमर्जन्सी ही राज्य सरकारची आपत्तीच्या सूचना देणारी सेवा आहे, तिच्या संकेतस्थळावर जाऊन आजचा थंडरस्टॉर्म अस्थमाचा अंदाज उघडा. राज्याचे हवामानाचे नऊ विभाग केलेत, मेलबर्न 'सेंट्रल'मध्ये येतं. हिरवा म्हणजे धोका कमी, नारिंगी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जास्त. हिरवा असेल तर तुमचा फोन गप्प आहे ते बरोबरच आहे.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण फोनवर तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि आपण तिन्हींना 'पोलनचा अलर्ट' म्हणतो. एक, पराग-अ‍ॅपवरचा गवताच्या परागाचा आकडा. दोन, थंडरस्टॉर्म अस्थमाचा अंदाज, ज्यात पराग आणि वादळी वारा दोन्ही धरलेले असतात. तीन, हवेच्या गुणवत्तेचा आकडा. यातला तिसरा धूर आणि बारीक धूळ मोजतो, त्यात पराग नसतोच. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला एक्यूआय बघायची सवय असते. तो हिरवा दिसला की हवा स्वच्छ आहे असं समजून ती मंडळी फिरायला निघतात. हवा स्वच्छ असते, पण परागाने भरलेली असू शकते.

आकड्याविषयीही थोडं. गवताच्या परागाची पातळी दर घनमीटर हवेतल्या कणांवर ठरते: १९ पर्यंत कमी, २० ते ४९ मध्यम, ५० ते ९९ जास्त, १०० आणि वर अतिशय जास्त. मोजण्याचं यंत्र मिनिटाला १० लिटर हवा ओढतं, साधारण आपण ओढतो तितकीच. पराग चिकट पट्टीवर बसतात आणि कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते एकेक करून मोजतं. म्हणजे मोजलेला आकडा हा सरलेल्या चोवीस तासांचा असतो आणि पुढचा तो अंदाज. फोनसोबत आलेल्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये पराग दाखवतात तो बहुतेक नुसत्या गणिताने काढलेला असतो. म्हणून इथे मेलबर्नमध्ये प्रत्यक्ष मोजणीवर चालणारं अ‍ॅप ठेवा.

आणि अ‍ॅपवर 'लो' असताना शिंका का? कारण तो आकडा गवताचा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात शहरातल्या रस्त्यांवरच्या 'प्लेन' नावाच्या झाडांची बारीक लव हवेत उडते, डोळ्यांत आणि घशात टोचते. त्याआधी सायप्रसचे पराग असतात. गवत ऐन भरात येतं ते नोव्हेंबरमध्ये. फोन नीट चालतोय, फक्त तुमचा त्रास दुसऱ्या कशाचा आहे.

दुसरी: फोन मुका केलेला आहे का

हसण्यावारी नेऊ नका. माझे सासरे दुपारी एक ते चार वामकुक्षी घेतात. पुण्यात असताना नातवाने त्यांच्या फोनवर रोज त्या वेळेत 'डू नॉट डिस्टर्ब' लागेल असं करून दिलं होतं. इथे आल्यावर घड्याळ पुढे गेलं, सवय तीच राहिली, आणि फोनवर तसं लावलेलं आहे हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. वादळाची सूचना बरेचदा दुपारी येते, कारण वादळ तापलेल्या दिवसाच्या उत्तरार्धात उठतं. म्हणजे सूचना येण्याची वेळ आणि फोन मुका असण्याची वेळ नेमकी एकच.

तेव्हा आवाजाची बटणं बघा, डू नॉट डिस्टर्ब आणि बेडटाइम बघा, आयफोनवर फोकस बघा. आयफोनवर 'शेड्यूल्ड समरी' म्हणून आणखी एक सोय असते, ती सूचना गोळा करून ठरलेल्या वेळी एकत्र दाखवते. संध्याकाळी सहाला गठ्ठा येत असेल तर पाचच्या वादळाला त्याचा काय उपयोग? पराग आणि व्हिकइमर्जन्सी ही दोन अ‍ॅप त्या गठ्ठ्यातून बाहेर काढा, आणि डू नॉट डिस्टर्बमध्येही त्यांना वाजायची परवानगी द्या.

तिसरी: अ‍ॅपला बोलायची परवानगी आहे का

अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक नव्या अ‍ॅपला सूचना दाखवण्यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते. ती चौकट आली की आपली वडीलधारी मंडळी सावधपणे 'नको' दाबतात. ऑनलाइन फसवणुकीच्या इतक्या बातम्या ऐकल्यावर त्यांचं काही चुकत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅपच्या नावावर सूचना चालू करा. त्याच पानावर खाली सूचनांचे प्रकार वेगवेगळे दिसतात. त्यातला एखादा 'सायलेंट' झालेला असतो, कारण कधीतरी सूचना बोटाने दाबून धरली गेली आणि नको तिथे बोट लागलं. सगळे प्रकार आवाजावर ठेवा.

पराग-अ‍ॅपच्या आतही बघा. कोणत्या पातळीपासून कळवायचं, हे बहुतेक अ‍ॅपमध्ये आपण ठरवतो. कोणी उत्साहाने 'मध्यम' निवडतं, मग नोव्हेंबरात रोज वाजतं, मग वैतागून सगळंच बंद. घरात दमेकरी नसेल तर 'जास्त' पुरे. दमा असेल तर तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं.

चौथी: नऊ महिने झोपलेलं अ‍ॅप

दर ऑक्टोबरला तेच दुखणं परत का येतं, याचं उत्तर इथे आहे.

परागाचं अ‍ॅप आपण तीन महिने वापरतो आणि नऊ महिने विसरतो. हल्लीचे फोन न वापरलेली अ‍ॅप आपणहून झोपवतात. अँड्रॉइड ११ पासून काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन काढून घेतो. अँड्रॉइड १२ पासून तर अ‍ॅप पूर्ण निजतं, आणि निजलेल्या अ‍ॅपपर्यंत बाहेरून पाठवलेली तातडीची सूचनासुद्धा पोचत नाही. आयफोनवर 'ऑफलोड अनयूज्ड अ‍ॅप्स' चालू असेल तर फोन अ‍ॅपच काढून टाकतो आणि नुसतं चित्र ठेवतो. चित्र जागेवर दिसतं म्हणून आपल्याला वाटतं अ‍ॅप आहे. नीट बघा: नावाशेजारी ढगाची छोटी खूण असेल तर आत काही नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंचा फोन असाच आला होता. "अगं, मी काहीसुद्धा बदललं नाही, देवाशपथ," त्या परत परत सांगत होत्या. खरंच त्यांनी काही बदललं नव्हतं. जानेवारीपासून त्यांनी अ‍ॅपला हातच लावला नव्हता, तेवढं फोनला पुरलं. मी सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपचं पान उघडलं तर परवानग्यांच्या जागी 'एकही दिलेली नाही' असं होतं, आणि सगळ्यात खाली न वापरलेलं अ‍ॅप झोपवायचं बटण चालू. आम्ही ते बंद केलं, परवानग्या परत दिल्या, अ‍ॅप एकदा उघडून ठेवलं. चार मिनिटांचं काम.

ते बटण शोधायचं कसं? सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मग त्या अ‍ॅपचं नाव, आणि पानाच्या तळाशी 'इफ अनयूज्ड' असे शब्द असलेली ओळ. तिचे बाकीचे शब्द फोनगणिक बदलतात, हे दोन मात्र सापडतात. ती ओळ बंद करा. आयफोनवर अ‍ॅप स्टोअरच्या सेटिंगमध्ये ऑफलोडचं बटण आहे, तेही बंद.

शिवाय दर वर्षी फुटबॉलच्या ग्रँड फायनलच्या शुक्रवारी, म्हणजे सप्टेंबर सरताना मिळते त्या सुट्टीला, दोन्ही अ‍ॅप उघडून बघायची असं आमच्या घरी ठरलेलं आहे. हंगाम लगेच पुढच्या दिवसांत लागतो, सगळे घरी असतात, आणि घरातले सगळे फोन एकदम टेबलावर घेता येतात.

पाचवी: वॉच झोन कुठे आहे

व्हिकइमर्जन्सीवर नुसतं अ‍ॅप घेऊन भागत नाही. खातं उघडून लॉगिन करायचं आणि नकाशावर वॉच झोन आखायचा: एक मध्यबिंदू आणि भोवती वर्तुळ. त्या वर्तुळातलं कळवतात. वर्तुळ नकाशावर जिथे ठेवलं तिथेच राहतं, तुमच्यामागे फिरत नाही. लोक क्लेटनचं भाड्याचं घर सोडून इकडे स्वतःच्या घरात येतात, वास्तुशांत होते, गॅस-वीज-बँक सगळीकडे पत्ता बदलतो, आणि वॉच झोन तिकडेच राहतो.

एक घराभोवती, एक कामाच्या जागी, एक मुलांच्या शाळेभोवती, इतके आखा. फोन बदललात तर नव्या फोनवर लॉगिन झालंय ना, हे बघा. नवरा-बायकोपैकी एकाकडे सूचना येते आणि दुसऱ्याकडे नाही, त्यात बरेचदा हेच निघतं. खात्यातली सूचनांची निवडही उघडून बघा, आग-पूर ठेवून बाकीचं कोणी काढून टाकलेलं असतं.

सगळं नीट बसलंय का, याची चाचणी मी अशी करते. तात्पुरता एक भलामोठा झोन आखायचा, जमेल तितकं राज्य त्यात घ्यायचं, आणि सूचनांचे सगळे प्रकार चालू ठेवायचे. एवढ्या मोठ्या राज्यात कुठे ना कुठे झाड पडलेलं, गवत पेटलेलं असतं. काही तासांत फोन वाजला तर रस्ता मोकळा आहे. मग तो मोठा झोन लगेच पुसून टाका, नाहीतर दिवसभर वाजत राहील आणि तुम्ही कंटाळून सगळंच बंद कराल.

पराग-अ‍ॅपचं वेगळं आहे. ती फोनचं ठिकाण विचारतात. लोकेशन बंद असेल तर जुनंच गाव धरून बसतात. ठिकाणाची परवानगी द्या, नाहीतर हाताने जवळचं मोजणी-केंद्र निवडा.

सहावी: बॅटरी वाचवण्याच्या नादात

भारतात घेतलेल्या बऱ्याच फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाची वेगळी परवानगी असते. ती नसेल तर पडद्यावरून अ‍ॅप सरकवून बंद केलं की ते खरंच बंद होतं, आणि पुन्हा उघडेपर्यंत सूचना येत नाही. आपल्याकडे तर 'मागची अ‍ॅप साफ करून टाक, फोन हलका होतो' असं सगळ्यांनी शिकवून ठेवलंय. ऑटोस्टार्ट द्या, आणि बॅटरीच्या पानावर त्या अ‍ॅपपुरतं 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा 'नो रिस्ट्रिक्शन्स' निवडा. काही फोनमध्ये 'डीप स्लीपिंग अ‍ॅप्स' अशी यादी असते, तीत नाव असेल तर काढा. ही दोन अ‍ॅप बॅटरी फारशी खात नाहीत.

सातवी: बाहेर असताना इंटरनेट आहे का

ही सूचना एसएमएसने येत नाही, इंटरनेटवरून येते. पाहुणे आलेल्या आई-बाबांच्या फोनमध्ये भारतातलं सिम असतं, रोमिंग बंद, आणि फोन घरच्या वायफायवर. घरात असेपर्यंत सगळं छान. साडेतीनला नातीला आणायला शाळेत गेले, मग बागेत घसरगुंडी, झोपाळा, आणि साडेपाचपर्यंत तो फोन जगापासून तुटलेला. नेमक्या त्याच दोन तासांत त्याची गरज असते. घरी परतल्यावर दोन-तीन सूचना एकदम वाजतात ते यामुळे. इथलं साधं प्रीपेड सिम, थोड्या डेटाचं, घालून द्या. यात पैसे वाचवू नका असं मी प्रत्येकाला सांगते. डेटा सेव्हर चालू असेल तर त्यातूनही ही अ‍ॅप वगळा.

आठवी: काढून परत घालणं

हे शेवटी, कारण यात खात्याचा पासवर्ड लागतो आणि तो कोणाला आठवत नाही. अ‍ॅप काढा, फोन बंद करून चालू करा, परत घ्या, येतील त्या परवानग्या द्या. भारतातल्या स्टोअर खात्यावर इथलं एखादं अ‍ॅप दिसलंच नाही तर त्या खात्याचा देश बदलायच्या फंदात पडू नका. त्यावरची खरेदी आणि पैसे अडकू शकतात. अशा वेळी व्हिकइमर्जन्सीची सूचना ईमेलवर मागवा, आणि सून किंवा मुलाच्या फोनवर त्यांच्या शाळा-बागेचा झोन आखून त्यांनी फोन करायचा, असं ठरवा.

इथे थांबा

या आठ गोष्टी करूनही चाचणीचा झोन वाजला नाही, तर पुढे स्वतः खोदू नका. फॅक्टरी रीसेट तर मुळीच करू नका. एका सूचनेपायी फोटो, बँकेची अ‍ॅप, भारतातलं ओटीपी येणारं सगळं जातं, आणि म्हातारी माणसं हवालदिल होतात. अ‍ॅपच्या मदत-पानावर लिहा, किंवा फोन दुरुस्तीच्या दुकानात दाखवा. व्हिकइमर्जन्सीची हॉटलाइनही आहे: १८०० २२६ २२६.

तोवर सकाळी साडेसातचा रोजचा गजर लावा आणि अंदाज हाताने उघडून बघा. अगदी खात्रीचा उपाय आहे, आणि माझ्या फोनवर सगळं ठीक असतानाही तो गजर हंगामभर चालू असतो. आकाश काळवंडलं तर एबीसी रेडिओ मेलबर्न, ७७४, लावून ठेवा.

अंदाज लाल असेल तर वादळापूर्वीचा वारा सुटण्याआधी घरात या. रायग्रास नावाच्या गवताचा अख्खा परागकण मोठा असतो, नाकातच अडकतो. वादळाच्या दमट हवेत तो फुगून फुटतो आणि आतले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरतात. मेलबर्नच्या उत्तरेला आणि पश्चिमेला गवताची कुरणंच कुरणं आहेत, आणि वादळाच्या पुढे धावणारा गार झोत ते सगळं जमिनीलगत आपल्या दारात आणून ओततो. म्हणून खिडक्या बंद. छतावरचा पाण्याचा कूलर, इव्हॅपोरेटिव्ह म्हणतात तो, तोही बंद, कारण तो बाहेरची हवा ओढून घरभर सोडतो. आमच्या भागात घरोघरी तोच आहे, आणि उकाड्यात तो बंद करायला कोणी तयार नसतं. त्या दोन तासांपुरतं उकडू द्या.

आता फोनपलीकडचं. मी डॉक्टर नाही, म्हणून इथे माझं मत चालवत नाही. हंगामात नाक वाहतंय आणि सोबत कधीही छातीत घरघर, रात्रीचा खोकला किंवा धाप जाणवली असेल, तर ऑक्टोबर उजाडण्याआधी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जा आणि दम्याचा लेखी प्लॅन मागा. "आम्हाला तिकडे कधीच नव्हतं" हे खरं असतं, पण रायग्रास आपल्या शरीराला इथेच भेटतो, आणि इथे जितकी वर्षं जास्त, तितका हे फीवर होण्याचा संभव जास्त. निळा पंप, म्हणजे धाप लागल्यावर लगेच आराम देणारा, औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, स्पेसरही (पंपाला जोडायची नळी) घ्या, आणि वापरायचा कसा ते फार्मासिस्टकडून समोर करून घ्या. जिवावरचं नाही पण काळजी वाटतेय, असं असेल तर फोनवर सल्ला देणारी नर्स-ऑन-कॉल सेवा: १३०० ६० ६० २४.

आणि धाप लागलीच, तर फोनवर अ‍ॅप उघडू नका. माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. निळ्या पंपाचे चार झटके, स्पेसरमधून, एका वेळी एक, प्रत्येकानंतर चार श्वास. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर ०००ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन लावा आणि मदत येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार-चार झटके देत राहा. वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंप घरात नसेल, तर चार मिनिटंही थांबू नका, आधी फोन.

इंग्रजी बोलायची भीती वाटते म्हणून ०००ला फोन न करता मुलगा कामावरून येईपर्यंत थांबलेली आई मी पाहिली आहे. आधी 'अँब्युलन्स' म्हणायचं, मग भाषेचं नाव, आणि लाइनवर थांबायचं. दुभाषी जोडून देतात. सासऱ्यांसाठी मी हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय: ०००. अँब्युलन्स. मराठी. खाली घराचा पत्ता, तोही देवनागरीत.